घाशीराम कोतवाल : बारा पाठींचं पुणं

दर्शनी पडदा बाजूला होतो आणि त्यामागे आणखी एक पडदा दिसतो. तो माणसांचा आहे. पुणेरी ब्राह्मणांच्या वेशातले बारा पुरुष एका ओळीत उभे आहेत, एका लयीत डुलत आहेत, गणपतीचं नमन गात आहेत. गणपती नाचत येतो. सरस्वती येते, लक्ष्मी येते. वातावरण मंगल आहे, संगीत ताल धरायला लावणारं आहे आणि बारा कंठांचा मिळून एकच आवाज आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ची ही सुरुवात.

या नाटकावर मराठीत आणि मराठीबाहेर पुष्कळ लिहिलं गेलं. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचं चित्रण, एका जातीची बदनामी झाली की नाही, इतिहास किती आणि कल्पित किती, सत्ता आणि वासना यांची देवघेव, या सगळ्यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र या नाटकाकडे पुन्हा पुन्हा ओढून नेते ती ही रांग. तिला कुणी मानवी पडदा म्हणतं, कुणी माणसांची भिंत. नाटकाचा सगळा अर्थ तिच्यात साठवलेला आहे असं मला वाटतं. या नाटकातलं पुणं माणसांच्या संमतीतून उभं राहतं. बारा जण जसे उभे राहतील तसं शहर घडतं, आणि असं एका ओळीत उभं राहण्याचं वळण त्यांना लावतात ते त्यांचे विधी. जागा आणि विधी या दोन गोष्टी इथे इतक्या एकजीव झाल्या आहेत की, एकीचं रसग्रहण दुसरीला सोडून करताच येत नाही.

नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, राज्य नाट्य स्पर्धेत झाला. संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. मोहन आगाशे नाना, रमेश टिळेकर घाशीराम, श्रीराम रानडे सूत्रधार. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. मग त्यातली तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि जानेवारी १९७४ पासून हे नाटक पुन्हा उभं राहिलं. १९८० मध्ये ते युरोपात जाऊन आलं. ही हकीकत नाट्यरसिकांना पाठ आहे. तिच्यातली एक बाब मात्र जागेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे : हे नाटक स्पर्धेच्या मंचावर, नेहमीच्या कमानीच्या रंगमंचावर जन्मलं.

त्या काळात प्रायोगिक रंगभूमी जागेचा प्रश्न आपापल्या परीने सोडवत होती. मुंबईत १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह हा प्रयोगांचा अड्डा झाला. नट आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर तिथे हातभर उरलं. बंगालमध्ये बादल सरकार मंच सोडून अंगणात, मैदानात उतरत होते. ‘घाशीराम’ने यातलं काही केलं नाही. कमान तीच ठेवली, समोर खुर्च्यांवर बसलेला प्रेक्षक तोच ठेवला. बदललं ते कमानीच्या आतलं जग. मराठी नाटकाचा मंच तोवर बहुतेक वेळा दिवाणखाना असे : तीन भिंती, डावीकडे आतलं दार, उजवीकडे बाहेरचं, मध्ये कोच, मागे खिडकी. पात्रं त्या घरात येत आणि घरातून जात. जागा आधी तयार असे, माणसं नंतर. तेंडुलकरांनी आणि पटेलांनी हा क्रम उलटा केला. माणसं आधी आली आणि त्यांनी जागा तयार केली.

या रचनेची मुळं आपल्या मातीतच आहेत. कोकणातल्या नमन-खेळ्यांत ओळीने उभं राहून नाचणारे, गाणारे खेळे असतात. गणपतीचं नमन होतं, गवळण होते, सोंगं येतात. दशावतारात एकाच मोकळ्या जागेत स्वर्ग, दरबार आणि रान होऊन जातं, आणि कुणाला अडचण वाटत नाही. तमाशातली गण-गवळण आहे, लावणी आहे, अभंग आहे. आणि लग्नातला अंतरपाट आहे. तो धरलेला असतो तोवर पलीकडचं माणूस जवळ असूनही दिसत नाही, आणि तो दूर होताच दोन आयुष्यांचं नातं बदलून जातं. पडदा धरणं आणि पडदा दूर करणं हा आपल्याकडे मुळातच एक विधी आहे. ‘घाशीराम’मधली माणसं स्वतःच पडदा होतात तेव्हा पाहणाऱ्याला त्याचं कोडं पडत नाही, कारण त्याचे संस्कार प्रेक्षकाच्या अंगात आधीपासून असतात.

पण या नाटकातला सर्वांत खोल विधी आहे तो कीर्तनाचा. कीर्तनात जागेची एक पक्की व्यवस्था असते. बुवा नारदाच्या गादीवर उभे. त्यांच्या मागे टाळकरी, झील धरणारे. समोर श्रोते. बुवा एक ओळ म्हणतात आणि मागचे ती उचलतात. मागच्यांनी ती उचलली की समोरच्यांच्याही ओठांवर येते. बुवांनी नामाचा गजर सांगितला की सगळं मंदिर एका सुरात बोलतं. मागच्यांचं काम साथ देण्याचं. कीर्तन चालू असताना टाळकरी मध्येच उठून ‘बुवा, हे काही पटलं नाही’ असं म्हणत नाही.

‘घाशीराम’मध्ये सूत्रधार बुवांच्या जागी आहे आणि ब्राह्मणांची रांग टाळकऱ्यांच्या. सूत्रधार काहीही म्हणो, रांग ते उचलते. देवाचं नाव उचलते, बावनखणीची, म्हणजे पुण्यातल्या कलावंतिणींच्या वस्तीची, लावणी उचलते, घाशीरामावरचा चोरीचा आळ उचलते, नानांचा जयजयकार उचलते. संगीत इतकं गोड, लय इतकी अचूक की, आपण काय उचललं याकडे लक्ष देण्याची गरज रांगेला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकालाही वाटत नाही. चंदावरकरांच्या संगीताचं मोठेपण इथे आहे. त्यांनी भक्तीची चाल आणि शृंगाराची चाल एकमेकींना इतकी लगटून ठेवली की एकीतून दुसरीत जाताना पायरी लागत नाही. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे गाते गळे या रांगेत उभे होते, त्यामुळे समूहाचा सूर जाड होऊनही बेसूर झाला नाही. हा सूर जितका सुरेल तितका तो भयंकर, हे नाटक संपल्यावर कळतं.

पहिल्याच प्रवेशात याचा प्रत्यय येतो. नमन संपतं आणि रांगेतले ब्राह्मण एकेक करून निघतात. सूत्रधार त्यांना अडवून विचारतो, कुठे चाललात. कुणी देवळाचं नाव घेतो, कुणी कीर्तनाचं. पाय मात्र बावनखणीकडे वळलेले आहेत. रांग फुटते आणि बावनखणी होते. मघाचेच टाळ, मघाचेच ठेके, मघाचीच माणसं, फक्त मान वेगळी हलते आणि नजर वेगळीकडे जाते. राधाकृष्णाच्या लीलांचं गाणं त्या वस्तीवर पांघरलं जातं. मग सूत्रधार घरात एकट्या राहिलेल्या बायकांची गोष्ट सांगतो, आणि तीही त्याच चालीत. मंदिर, रस्ता, बावनखणी आणि घर या चार जागांमध्ये या नाटकात एक वीतही अंतर नाही. नेपथ्यकाराने चार देखावे उभे केले असते तर प्रेक्षकाने चार जागा चार कप्प्यांत ठेवल्या असत्या : ही पवित्र, ही अपवित्र. माणसांच्या पडद्याने ते कप्पे काढून टाकले. जागेला पावित्र्य देणारा माणूस एकच असेल तर पवित्र आणि अपवित्र यांच्यामधली भिंत कुठे शोधायची?

घाशीराम या रांगेत नाही. तो कनोजहून आलेला ब्राह्मण आहे. जात तीच, पण गाव परकं. बावनखणीतल्या गुलाबी या नाचणारीच्या तालावर नाचतो, नानांच्या लचकलेल्या पायाखाली पाठ देतो, त्याबद्दल मिळालेला हार गमावून बसतो. मग येतो पर्वतीच्या पायथ्याचा दक्षिणेचा प्रसंग. पेशव्यांच्या काळात श्रावणात तिथल्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, हा इतिहास आहे. पेशवाईच्या वैभवाचा आणि धर्मनिष्ठेचा तो मोठा सोहळा. तेंडुलकरांनी तो निवडला तो उगीच नव्हे. दक्षिणा म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारा विधी. रांगेतल्या माणसाला मान, धन आणि आशीर्वाद, रांगेबाहेरच्याला धक्के. गर्दीत कुणाचे तरी पैसे जातात आणि बोट घाशीरामाकडे वळतं. पुरावा लागत नाही. तो ओळीबाहेर उभा आहे हाच पुरावा. मार खाऊन, हाकलला जाऊन तो शपथ घेतो की, या पुण्याला डुकरांचं राज्य करीन. त्या क्षणी मंचावर तो एकटा आहे. मघाशी बारा माणसांनी भरलेली जागा रिकामी झाली आहे, आणि त्या रिकामपणातच सूड जन्माला येतो. इतकी मोठी मानसिक घडामोड जागेच्या एका साध्या फरकाने दाखवणारा प्रवेश मराठी नाटकात मी क्वचितच पाहिला आहे.

आता या रांगेच्या सर्वांत प्रभावी हालचालीकडे येतो. रांग पाठ फिरवते. बारा तोंडांच्या जागी बारा पाठी दिसतात. मघाशी जो समाज होता तो एका गिरकीत भिंत झाला. दिग्दर्शकाच्या दृष्टीने ही सोय आहे : पाठी फिरल्या की पुढची जागा मोकळी, नवा प्रवेश सुरू. लेखकाच्या दृष्टीने हे विधान आहे : समाज जेव्हा पाठ फिरवतो तेव्हा पुढे काहीही घडू शकतं. आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने इथे एक गोष्ट घडते, जी मला या नाटकाची सर्वांत धारदार सूचना वाटते. पाठ फिरवून उभ्या असलेल्या माणसाचं तोंड ज्या दिशेला असतं त्याच दिशेला प्रेक्षागृहातल्या माणसाचंही तोंड असतं. बारा पाठींच्या मागे आपण बसलेलो आहोत, त्याच दिशेला तोंड करून. म्हणजे आपण त्या रांगेच्या मागची दुसरी रांग आहोत, तिच्यामागे तिसरी, चौथी, अगदी शेवटच्या खुर्चीपर्यंत. नट प्रेक्षकांत उतरले नाहीत, कमान ओलांडली नाही, कुणी आपल्याला हात धरून मंचावर नेलं नाही. तरी आपण भिंतीत सामील झालो. प्रेक्षकाला नाटकात ओढण्यासाठी जगभरच्या प्रायोगिकांनी किती धडपड केली. इथे ते काम एका गिरकीने झालं.

ही सामीलकी किती जड असते हे गौरीच्या प्रवेशात कळतं. गणपतीसमोर कीर्तन चाललं आहे. बायाबापड्या बसल्या आहेत, त्यांत घाशीरामाची लेक गौरी आहे. नाना आले आहेत, त्यांची नजर तिच्यावर स्थिरावली आहे. कीर्तन संपतं, माणसं पांगतात आणि देवासमोर हात जोडून ती एकटी उरते. नाना तिच्या खांद्यावर हात ठेवतात. ती दचकते आणि देवाकडे बोट करते : तो पाहील. नानांकडे उत्तर तयार आहे. ज्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक बायको, तो देव काय बोलणार! प्रेक्षक हसतो. मोहन आगाशे यांच्या नानांत लाडिकपणा आणि क्रौर्य यांचं असं मिश्रण होतं की हसू येणं टळत नसे. पण थोडं थांबून या जागेकडे पाहा. सुरुवातीला जो गणपती नाचत आला, ज्याच्या नमनाने नाटक सुरू झालं, त्याच्याच साक्षीने हे चाललं आहे. कीर्तनाने ही जागा पवित्र केली, लोकांच्या गजराने ती भरून गेली, आणि लोक उठून गेल्याबरोबर तीच जागा शिकारीची झाली. तिच्यात काहीही नवीन ठेवलं गेलं नाही आणि काहीही उचललं गेलं नाही. फक्त पाहणारे गेले. गौरी देवाला साक्षीदार मानते, कारण माणसांतला एकही साक्षीदार उरलेला नाही.

त्यानंतर बाप सौदा करतो. मुलगी नानांना, कोतवाली आपल्याला. सौदा झाल्यावर घाशीराम वळतो आणि थेट आपल्याशी बोलतो. आपण काय केलं हे तो लपवत नाही. माझ्यावर थुंका, मला दगड मारा, पण मी मागे हटणार नाही, अशा अर्थाचं त्याचं बोलणं आहे. हा आकांत ज्यांच्यासमोर व्हायला हवा ती रांग त्याला ऐकायला तयार नाही, म्हणून तो प्रेक्षकाला गाठतो. शिक्षेची मागणी त्याने पहिल्याच अंकात केलेली आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. दगड त्याला मिळतात, पण दुसऱ्या अंकाच्या शेवटी, आणि तेही या गुन्ह्यासाठी नाही.

दुसऱ्या अंकात घाशीराम कोतवाल आहे आणि पुण्याची रात्र त्याच्या ताब्यात आहे. रात्री बाहेर पडायला परवाना, घरात कोण आहे याची चौकशी, नवराबायकोच्या अंथरुणापर्यंत पोचलेले शिपाई. आता रांगेची दारं होतात, गल्ल्या होतात, दारामागचं घाबरलेलं कुटुंब होतं. माणसांनी बनलेल्या शहराचा दुसरा गुण इथे दिसतो. दगडी वाड्यात शिरायला दार फोडावं लागतं. माणसांच्या भिंतीत शिरायला आवाज चढवला की पुरतं. जी रांग काल परक्याला धक्के मारून बाहेर काढत होती ती आज त्याच परक्यापुढे वाट करून देते. रांगेचा स्वभाव तोच राहिला, फक्त पुढचा सूत्रधार बदलला. तिला झील धरायची सवय होती. कुणाच्या मागे धरायची हे तिने कधी ठरवलंच नव्हतं.

या अंकाच्या गाभ्याशी दिव्याचा प्रसंग आहे. एका ब्राह्मणावर चोरीचा आळ येतो. तो नाकबूल करतो. घाशीराम त्याला दिव्य करायला लावतो : तळहातांवर पिंपळाची पानं बांधून वर तापून लाल झालेला लोखंडी गोळा. दिव्य ही घाशीरामाने शोधून काढलेली छळाची रीत नाही. धर्मशास्त्राने सांगितलेला आणि पेशवाईच्या न्यायव्यवस्थेतही वापरलेला तो विधी आहे. सत्य असेल तर अग्नी जाळत नाही, या श्रद्धेवर तो उभा आहे. तेंडुलकर तो नीट, पायरीपायरीने घडू देतात. पानं, दोरा, गोळा, वाट पाहणं. विधीचं सौंदर्य त्याच्या क्रमात असतं आणि इथे भीतीही क्रमातूनच वाढते. पूजेची तयारी पाहायची सवय असलेलं आपलं मन नकळत पुढची पायरी कोणती याकडे लागतं. मग मांस जळतं आणि माणूस किंचाळतो. पाहणाऱ्यांपैकी कुणीही विधी थांबवत नाही, कारण विधी एकदा सुरू झाला की तो पुरा करायचा असतो हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. विधी आणि हिंसा यांच्या नात्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. या प्रवेशात ते नातं आपल्या डोळ्यांसमोर, पिंपळाच्या पानांवर ठेवलेलं दिसतं.

पुढे नानांचं आणखी एक लग्न लागतं. पुन्हा मंगल वाद्यं, पुन्हा तीच रांग हौसेने गाते. आणि त्याच सुमारास गौरी बाळंतपणात मेलेली आहे. तिचा मृत्यू आपल्याला दिसत नाही. घाशीराम तिला शोधत फिरतो आणि त्याला कळतं ते सगळं संपल्यावर. या नाटकातल्या बायकांच्या जागेबद्दल इथे बोललं पाहिजे. रांगेत एकही बाई नाही. बाया रांगेपुढे नाचतात, रांगेपुढे शिकार होतात आणि रांगेमागे नाहीशा होतात. गौरीच्या तोंडी शब्द फार थोडे आहेत. नाटककाराने तिला अबोल ठेवलं हा नाटकाचा दोष मानणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एखादा प्रवेश तिच्या वाट्याला आला असता तर घाशीरामाच्या गुन्ह्याचं वजन आपल्याला अधिक नेमकं कळलं असतं. पण पडद्याच्या भाषेत वाचलं तर तिचं अदृश्य होणं हीच या शहराची रचना आहे. भिंत पुरुषांची आहे आणि तिच्यामागे काय गाडलं गेलं हे पुढून दिसू नये, याचसाठी ती उभी आहे.

मग ती कोठडी येते जिच्यामुळे घाशीराम इतिहासात उरला. १७९१ मध्ये पुण्यात परगावच्या ब्राह्मणांना एका अरुंद जागेत कोंडण्यात आलं, त्यांतले बरेच गुदमरून मेले आणि खवळलेल्या लोकांनी कोतवालाला दगडांनी ठेचून मारलं, एवढा भाग इतिहासाचा. नाटकात ते ब्राह्मण दक्षिणेकडून आलेले, बागेतली फळं तोडल्याबद्दल पकडलेले. एके काळी घाशीराम जिथे होता तिथेच तेही आहेत : परगावचे, रांगेबाहेरचे. घाशीरामाने ही गोष्ट ओळखायला हवी होती. तो ओळखत नाही, कारण आता तो शहराच्या वतीने बोलतो. ही कोठडी नेपथ्यात बांधलेली नाही आणि बांधायचं कारणही नाही. नाटकभर जी जागा माणसांनी कधी पसरून, कधी दाटून तयार केली, तिचा शेवट माणसांनी कोंदलेल्या, श्वास न पुरणाऱ्या जागेत होतो. पहिल्या प्रवेशातली खांद्याला भिडलेली ओळ ऐक्याची वाटली होती. कोठडीतली दाटी तिचंच शेवटचं टोक आहे.

पुण्याचे ब्राह्मण खवळतात. मुलीच्या सौद्याने न खवळलेली, निरपराधाच्या जळालेल्या हातांनी न खवळलेली रांग आता नानांच्या दारी जाते. नाना एका क्षणात हुकूम देतात. घाशीरामाचं डोकं भादरायचं, शेंदूर फासायचा, उंटावरून धिंड काढायची, एक हात बांधून लोकांसमोर सोडायचा. शेंदूर हा देवाला लावायचा रंग. तो माणसाला फासला की माणूस बळी होतो. हा हुकूम न्यायाचा कमी आणि विधीचा जास्त आहे. शहराचं पाप एका अंगावर गोळा करायचं, त्या अंगाला रंगवायचं, मिरवायचं आणि वेशीबाहेर संपवायचं. घाशीराम स्वतःच दगड मागतो. मुलीचा जीव वाया घालवला, याची शिक्षा त्याला हवी आहे. लोक मात्र त्याला दुसऱ्याच कारणासाठी मारत आहेत. मारणारे आणि मरणारा यांची कारणं एकमेकांना भेटत नाहीत, आणि म्हणून हा मृत्यू कुणालाच शुद्ध करत नाही. प्रेक्षकाला दगड दिसत नाही. ऐकू येतो तो ठेका आणि जमावाचा आवाज, आणि दिसतं ते प्रत्येक ठेक्याला हेलपाटणारं एक शरीर. मुळगुंदांच्या नृत्यरचनेचा कस इथे लागतो. ज्या तालावर गणपती नाचला होता, गुलाबी नाचली होती, त्याच परंपरेतल्या तालावर घाशीराम मरतो.

आणि मग उत्सव. नाना येतात, संकट टळल्याचं सांगतात, सोहळ्याचा हुकूम देतात. रांग पुन्हा जुळते, पुन्हा गाते, पुन्हा डुलते. नानाही तिच्याबरोबर नाचतात. कीर्तनाच्या शेवटी आरती होते, सगळे उभे राहतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. नाटकानेही तशीच सांगता केली आहे. फरक इतकाच की, आपण टाळ्या वाजवायला हात उचलतो तेव्हा ते हात कशासाठी उचलले याचा विचार मनात येतो. ज्याला तो येत नाही त्याने हे नाटक नुसतं पाहिलं.

तेंडुलकरांनी हे नाटक ऐतिहासिक नाही असं आवर्जून सांगितलं होतं. घाशीराम आणि नाना निर्माण करणारी समाजस्थिती त्यांना दाखवायची होती, आणि ती एका काळाची किंवा एका गावाची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. संहिता वाचताना हे म्हणणं तितकंसं पटत नाही, कारण शब्दांत पुणं आहे, पेशवाई आहे, नाना आहेत. पटतं ते प्रयोगात, आणि ते या रांगेमुळे. वेश पुणेरी असला तरी रांग कुठलीही असू शकते. म्हणूनच मराठी न कळणाऱ्या प्रेक्षकालाही ती कळली. ज्याला बावनखणी म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यालाही बारा माणसांनी एकदम पाठ फिरवणं म्हणजे काय ते ठाऊक असतं.

हे नाटक आजही हौशी मंडळी, महाविद्यालयीन संघ आणि नाट्यशिक्षण संस्था करू पाहतात. त्यांना एक मनापासून सांगावंसं वाटतं. नाना आणि घाशीराम कोण करणार हे नंतर ठरवा. आधी रांग बसवा. तुमचे उत्तम गाणारे, उत्तम नाचणारे आणि मुख्य म्हणजे विचार करणारे नट तिथे उभे करा, आणि सर्वांत जास्त तालमी तिच्या घ्या. रांग नुसती कवायत झाली तर ‘घाशीराम’ नाचगाण्याचा झगमगीत कार्यक्रम होतो. रांगेतल्या प्रत्येकाला आपण कधी आणि कशापुढे पाठ फिरवत आहोत हे ठाऊक असेल, तर तेच नाटक पन्नास वर्षांनंतरही अंगावर येतं. आणि प्रेक्षकांनी, हा प्रयोग पुन्हा पाहण्याचा योग आला तर, नानांच्या मोहक हालचालींवरून थोडा वेळ नजर काढून त्या बारा जणांकडे पाहावं. या नाटकाचा खरा नायक ती रांग आहे, आणि खरा आरोपीही तीच आहे.